गिरण्या मोजायच्या की पीठ?

संख्यांचे कान : लेखांक १७

आज श्रवणयंत्र उघडायचं कबूल केलं होतं. ते टेबलावर तसंच पडलंय, कारण चौकच्या एका वाचकांनी पाठवलेला प्रश्न चार दिवस डोक्यातून जाईना. त्यांचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. एकाने त्याला सांगितलं, डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर) चिपच्या बाजाराला मरण नाही, दरवर्षी वाढतोच आहे. दुसऱ्याने सांगितलं, डीएसपी संपली, आता ती कोण घेतो? वडिलांनी चिकाटीने तीन-चार बाजार अहवालांचे सारांश जमवले, तर एकाच वर्षाच्या उलाढालीचे आकडेसुद्धा एकमेकांशी जुळेनात. "काका, यातलं खरं कोण बोलतंय?"

सगळेच खरं बोलतायत.

मोहोपाड्यात मी राहायला आलो तेव्हा दळण म्हणजे सायकलच्या कॅरिअरला डबा अडकवून गिरणीवर जायचं, नंबर लावायचा आणि डोक्यावर पिठाचा थर घेऊन परत यायचं. आता आमच्या मजल्यावरच्या चारपैकी तीन घरांत घरघंटी आहे. नुसत्या गिरण्यांच्या पाट्या मोजत कुणी बाजारातून फिरला तर तो म्हणेल, दळणाचा धंदा बसला. पीठ मोजणारा म्हणेल, छे, भाकऱ्या आहेत तितक्याच आहेत.

डीएसपीचं नेमकं हेच झालं. १९८२ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने टीएमएस३२०१० जगापुढे ठेवली तेव्हा ती स्वतंत्र गिरणी होती. गुणाकार करून बेरजेत टाकायचं दळण (लेखांक ५ मधलं 'गुणा आणि मिळवा') हवं असेल तर अशी चिप विकत घ्यावी लागे. मोडेममध्ये ती आली आणि पुढे मोबाइलमध्येही. आज क्वालकॉमच्या मोबाइल चिपमध्ये हेक्सागॉन नावाची डीएसपी आहे, पण ती वेगळी मिळत नाही, मोठ्या चिपच्या पोटातच येते. सीव्हा नावाची कंपनी तर चिप बनवतच नाही. डीएसपीचा आराखडा देते आणि चिपमागे रॉयल्टी घेते. म्हणजे गिरणीवाला नाही आणि पीठवालाही नाही, जात्याचा नकाशा विकणारा! याची उलाढाल कुठल्या रकान्यात मांडणार?

चिप उद्योगाची जागतिक आकडेवारी ठेवणाऱ्या डब्ल्यूएसटीएस या संस्थेकडे डीएसपीचा वेगळा रकाना आहे, पण त्यात येते ती डीएसपी म्हणून विकली गेलेली चिप. पोटातली डीएसपी दुसऱ्याच खात्यात जाते. खासगी अहवालवाले आपापल्या मनाने पोटातलीही धरतात, कुणी थोडी तर कुणी सगळी.

आता माझ्या टेबलावरची एक चिप घ्या. पाताळगंगा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळलं. तिथल्या ढवळणीच्या मोटरच्या ड्राइव्हचं हे कंट्रोल कार्ड. वीस वर्षं आम्लाच्या वाफा आणि रायगडचा पाऊस खाऊन त्याच्या कडांना पांढरी बुरशी धरल्यासारखं झालंय. दोन कपॅसिटर फुगलेत, एक ट्रॅक कुरतडला गेलाय. मध्ये मात्र काळा चौकोन अजून शाबूत. भिंग लावलं की टीएमएस३२०एफ२८१२ वाचता येतं. ही चिप १५० मेगाहर्ट्झवर चालते. आमचा ड्राइव्ह सेकंदाला दहा हजार वेळा मोटरचा करंट मोजायचा, म्हणजे एका मोजणीपासून दुसरीपर्यंत चिपच्या हातात १५ हजार ठोके. तेवढ्यात तिन्ही फेजचा हिशेब करून पुढचा व्होल्टेज ठरवायचा. उशीर झाला की मोटर गुरगुरते.

या चिपचं कूळ आपल्याकडचं आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ मध्ये बंगळुरूला आली. तिची उपग्रह तबकडी बैलगाडीतून नेल्याची गोष्ट चिपवाल्यांच्या दोन पिढ्या सांगत आल्यात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथल्याच मंडळींनी टीएमएस३२०सी२७एक्स ही डीएसपी आखली आणि तिला नाव दिलं 'अंकुर'. तिच्याच पुढच्या पिढीतला गाभा माझ्या कार्डावरच्या चिपमध्ये आहे. गंमत पुढेच आहे. या घराण्याला कंपनी आता डीएसपी म्हणत नाही, रिअल-टाइम मायक्रोकंट्रोलर म्हणते. अंगावरचा टीएमएस३२० हा छाप तोच आणि कामही तेच. नुसत्या नावबदलाने ती डीएसपीच्या बाजारातून उठून शेजारच्या बाजारात जाऊन बसली. सोलर इन्व्हर्टर आणि विजेच्या गाड्या वाढल्या की ती वाढणार, पण ती वाढ कुणाच्या नावावर लागेल ते अहवाल लिहिणाऱ्यावर.

आता "दरवर्षी इतके टक्के" याकडे. आपल्याला हे पतपेढीमुळे कळतं. सात टक्क्यांनी दहा वर्षांत दामदुप्पट. फरक इतकाच की पतपेढीचा दर लेखी कबुलीचा असतो आणि अहवालातला दर म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या वर्षामध्ये ताणून बांधलेली दोरी. मधले खड्डे तीत दिसत नाहीत. २००० साली जगात २०४ अब्ज डॉलरच्या चिपा विकल्या गेल्या, २००१ मध्ये १३९ अब्जांच्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये डब्ल्यूएसटीएसने पुढच्या वर्षासाठी अडीच टक्क्यांच्या आसपास वाढ वर्तवली होती, प्रत्यक्षात २०१९ मध्ये १२ टक्के घट झाली. ही माणसं अडाणी नव्हेत. कंपन्यांच्या ऑर्डरींवरून ती अंदाज बांधतात, आणि ऑर्डरी फसव्या असतात.

किती फसव्या, ते मी स्वतः करून बसलोय. २०२१ च्या टंचाईत कार्ड मागायला गेलो तर दुकानदार म्हणाला, बावन्न आठवडे. घाबरून मी तीच ऑर्डर ठाण्याच्या दुसऱ्या दुकानदाराकडेही टाकली, जो आधी देईल त्याचं घेऊ म्हणून. गरज एका कार्डाची होती आणि चिपवाल्याच्या वहीत दोन लागली. माझ्यासारखे जगभर किती असतील! २००१ मध्ये अशाच फुगलेल्या मागणीपायी सिस्कोला सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरचा माल हिशेबातून उडवावा लागला होता. यावेळीही टंचाई सरल्यावर गोदामं भरलेली निघाली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची विक्री २०२२ मध्ये २० अब्ज डॉलर होती, ती २०२४ मध्ये साडेपंधरा अब्जांवर आली.

मग खरी वाढ कुठे आहे? आपल्या शेजारीच. पनवेलकडे जाताना हिरानंदानी वसाहतीत योट्टाचं डेटा सेंटर आहे, २०२० मध्ये सुरू झालेलं. असल्या इमारतींत यंत्रं एकमेकांशी काचेच्या तारेतून बोलतात. वेग वाढवायचा म्हणून प्रकाशाच्या दोनऐवजी चार पायऱ्या करतात, आणि त्या पायऱ्या पलीकडे पोहोचेपर्यंत एकमेकींत मिसळतात. त्यांना वेगळं करायला तारेच्या टोकाच्या बोटभर डबीत डीएसपी बसते. मार्व्हेलने इन्फाय ही कंपनी २०२१ मध्ये घेतली ती मुख्यतः या चिपांसाठी. पण इथेही मेख आहेच. ही डीएसपी वीज खाते, म्हणून डबीतून ती काढूनच टाकायची खटपट चालू आहे.

तळोज्यात होऊ घातलेल्या चिप कारखान्याचं विचाराल तर सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाच्या उपसमितीने अदानी आणि टॉवर या कंपन्यांच्या त्या ८३,९४७ कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात बातमी आली की बोलणी थांबली, देशात मागणी किती राहील याची खात्री वाटेना म्हणून. तो कारखाना डीएसपीचा नव्हताच, अ‍ॅनालॉग चिपांचा होता. त्यावर सवडीने.

तर चौकच्या चिरंजीवांना एवढंच सांगेन. अहवाल हाती आला की वाढीचा दर शेवटी वाचा. आधी व्याख्येचं पान काढा आणि पोटातली डीएसपी धरलीय का ते बघा. नोकरीच्या जाहिरातीत 'डीएसपी इंजिनिअर' कमी दिसले तर मोटर कंट्रोल, मोडेम, ऑडिओ हे शब्द शोधा.

आणि हो, त्या दोन ऑर्डरींची दोन्ही कार्डं शेवटी आली, एकाच आठवड्यात. एक ड्राइव्हमध्ये गेलं. दुसऱ्याचे पैसे मीच भरले, ते माझ्या कपाटात सीलबंद आहे. हात साफ करायला हवं असेल तर रविवारी सकाळी येऊन घेऊन जावं.