बस्तीचा अंतःस्तर आणि पूरके : देण्यापूर्वीचा विचार

विरार ते चर्चगेट हे सुमारे ६० किलोमीटरचे अंतर रोज लोकलने कापणाऱ्या अनेक स्त्रिया आमच्या चिकित्सालयात एकाच तक्रारीने येतात : वारंवार मूत्रप्रवृत्ती, ओटीपोटात वेदना, बस्ती भरताच वाढणारा दाह. लोकलमध्ये शौचालय नसल्याने पाणी कमी पिणे व वेग रोखणे अंगवळणी पडलेले असते. मूत्रवेगधारणाने बस्तिशूल व मूत्रकृच्छ्र होते, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितलेच आहे.

बस्तीच्या आतील पेशींवर ग्लायकोसअमिनोग्लायकॅनचा पातळ, जलधारक थर असतो. तो क्षीण झाल्यास मूत्रातील क्षार आत झिरपून संज्ञातंतूंना क्षोभ होतो, असा एक प्रमुख मतप्रवाह आहे. यावरूनच कॉन्ड्रॉइटिन, ग्लुकोसअमाइन, हायल्युरॉनिक आम्ल व क्वेर्सेटिन यांची पूरके प्रचारात आली. परंतु मुखावाटे घेतलेल्या या द्रव्यांविषयीचा पुरावा तोकडा आहे. कॉन्ड्रॉइटिन व हायल्युरॉनिक आम्ल नलिकेद्वारे थेट बस्तीत सोडण्याचा प्रयोग अधिक झाला आहे. आपल्या उत्तरबस्तीच्या विचाराशी तो जुळणारा आहे.

येथे एक चूक आम्हीही पूर्वी केली आहे. मूत्रदाह म्हटला की क्रॅनबेरी, असा परिपाठ होता. क्रॅनबेरीचा उपयोग वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गाच्या प्रतिबंधापुरता आहे. जंतुसंसर्ग नसलेल्या वेदनायुक्त बस्तीत तिचा आम्लरस, तसेच जीवनसत्त्व ‘क’च्या मोठ्या मात्रा, दाह वाढवू शकतात. काही रुग्णांनी ‘औषधानेच आग वाढली’ असे सांगितले, तेव्हा आम्हांस उमगले.

म्हणून प्रथम मूत्रपरीक्षण व कल्चर करावे. मूत्रात पूयपेशी असून नेहमीचे कल्चर निर्दोष आल्यास क्षयाची शंका घ्यावी. मूत्रात रक्त आढळल्यास रुग्णास विनाविलंब मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवावे. ही कारणे वगळल्यानंतरच निदानपरिवर्जन, पुरेसे जलपान, अवगाहस्वेद, गोक्षुर-शतावरीसिद्ध क्षीरपाक व तृणपंचमूळ क्वाथ यांचा प्रकृतीनुसार विचार करावा. यष्टीमधु दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढून पोटॅशियम घटू शकते, हे विसरू नये.

औषधविक्रेत्या बंधु-भगिनींस विनंती : पूरक देण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. वॉरफेरिन चालू आहे काय? कारण ग्लुकोसअमाइन व कॉन्ड्रॉइटिन यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. कोळंबी-खेकड्यांची अॅलर्जी आहे काय? कारण ग्लुकोसअमाइन बहुधा त्यांच्या कवचापासून बनते. रुग्ण शाकाहारी आहे काय? कारण कॉन्ड्रॉइटिन सामान्यतः प्राणिज असते. वेष्टनावरील ‘औषधी उपयोगासाठी नाही’ ही सूचनाही ग्राहकास वाचून दाखवावी.

सुश्रुताचार्यांनी बस्तीची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली आहे. अशा मर्माच्या तक्रारीवर निदानाविना डबी पुढे सरकवणे आपल्या शास्त्रास शोभत नाही. पूरक हे नावाप्रमाणे पूरकच राहावे. वेग न रोखण्याचा उपदेश मात्र प्रत्येक चिठ्ठीवर प्रथम लिहावा.