फर्माइशीचा मासा

नदीत गळाने धरलेला मासा मोजून पुन्हा पाण्यात सोडण्याचा प्रघात शौकीन गळकऱ्यांत रुजत गेल्यापासून, एके काळी पेंढा भरून दिवाणखान्याच्या भिंतीवर मिरवणाऱ्या माशाची जागा चित्राने घ्यावी हे ओघानेच आले. आणि माशाचा जीव वाचून त्याची आठवणही घरी येते म्हणून हा पालट मला अत्यंत इष्ट वाटतो. अशा चित्राला रंगीत पेन्सिल किती अनुकूल आहे, हे अमेरिकेतील जोसेफ टोमेलेरी यांच्या कामावरून दिसते. रॉबर्ट बेन्के यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, उत्तर अमेरिकेतील ट्राउट व सामन यांवरील ग्रंथातले मासे त्यांनी याच साधनाने चितारले आहेत.

फर्माइशीच्या चित्रात केवळ जातीचा नमुना दाखवून भागत नाही, कारण गिऱ्हाइकाला हवा असतो तो त्याने स्वतः धरलेला मासा, फाटक्या परासह आणि जुन्या जखमेच्या वणासह. तथापि या आग्रहापायी जातीची लक्षणे ढळली तर सारेच फुकट. कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून १८३९ साली ज्याचे शास्त्रीय वर्णन केले, तो दख्खनचा महाशीर घ्या. त्याच्या पार्श्वरेषेवर सुमारे २५ मोठे खवले असतात व तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या; चित्रकाराने नक्षीच्या भरात ४० खवले काढले, तर रंगकाम कितीही बहारीचे असो, तो महाशीर राहत नाही.

म्हणून आधी तपशील मागून घ्यावा. हात लांब करून कॅमेऱ्यापुढे धरलेल्या माशाचे डोके अवाजवी मोठे दिसते. सरळ बाजूने घेतलेले छायाचित्र आणि मुखापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी हाती आल्याखेरीज कागदावर रेघ ओढू नये. पाण्याबाहेर माशाचा रंग झपाट्याने पालटतो, यास्तव छायाचित्र धरल्या क्षणीचे असलेले बरे.

खरी कसोटी रुपेरी झळाळीची. ती रंगद्रव्याची नसून त्वचेतील ग्वानिनच्या पातळ स्फटिकांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची असते. त्यामुळे चंदेरी पेन्सिल घासल्याने मासा पत्र्यासारखा दिसतो, आणि निळसर करडा, किंचित गेरू व कोरा कागद यांच्या शेजाराने मात्र तो ओला दिसू लागतो. मेणात बांधलेला फिकट रंग गडद थराला झाकू शकत नाही, म्हणून काम फिकटाकडून गडदाकडे चालते व उजेडाची जागा आरंभापासून राखावी लागते. खवल्याचा मोकळा काठ शेपटीकडे असतो. तो रंगवताना आधी हस्तिदंती थर, त्यावर मातकट पिवळा, मग हिरवट करडा, शेवटी बुडाशी गडद तपकिरी, आणि मध्यावर तांदळाएवढा कागद अस्पर्श. परांतील बारीक फिकट काटे हवे असतील, तर रंग भरण्यापूर्वी बोथट सुईने कागदावर चर पाडून ठेवतात. वरून पेन्सिल फिरवली तरी चर पांढराच राहतो.

आकार, मुदत व इसारा यांची कबुलात लेखी असावी. "मासा जरा मोठा दाखवा" ही विनंती साफ नाकारावी. लांबीच खोटी झाली तर चित्राचे प्रयोजनच उरत नाही. आणि चित्र घरी नेणाऱ्याने त्याला काच लावावी, पण उन्हाच्या भिंतीवर ते टांगू नये, कारण अनेक गुलाबी व जांभळ्या पेन्सिलींचा रंग उजेडाने लवकर उडतो.