बाभळीची बाज आणि पाण्याचा रंग

“काकू, पाण्यात कालवलेला रंग पाण्यानंच निघून नाही का जायचा?” शिरूरच्या आमच्या गल्लीत हा प्रश्न मला कायम येतो. अंगणात बसून जुनं लाकूड घासणारी बाई इथं अजून नवलाचीच आहे ना! पण शंका रास्त आहे. या रंगात अ‍ॅक्रिलिकचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा सलग पापुद्रा होतो. एकदा जमलेला हा पापुद्रा पाण्यात पुन्हा विरघळत नाही.

माझं माहेर दौंडचं, वडील रेल्वेत. त्यांच्या क्वार्टरमधलं सागवानी टेबल चौफुला-न्हावऱ्याच्या रस्त्यानं टेम्पोतून इकडं आलं. सासरी बाभळीची बाज होतीच. टेबलाला चपड्याचं पॉलिश, बाजेला हिरवा ऑइलपेंट.

काम सुरू करण्याआधी जुना थर ओळखायचा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून मागच्या बाजूला घासा. थर चिकट होऊन बोळ्याला लागला तर तो चपडा, म्हणजे लाख. तो स्पिरिटनंच पुसून निघतो. ढिम्म हलला नाही तर व्हार्निश किंवा ऑइलपेंट. जुन्या ऑइलपेंटला कोरडा पॉलिश पेपर लावू नका. त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको, हा आपल्याकडचा नियम २०१६चा आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या डब्यांची खात्री कोण देणार? म्हणून वॉटर पेपर घ्यायचा, ओलं ठेवून घासायचं, तोंडाला मास्क लावायचा, आणि नातवंडांना त्या दिवशी शेजारी धाडायचं.

स्टेन आणि पेंट यांत गल्लत होते. पेंट लाकूड झाकतो. स्टेन लाकडात मुरतो, रेषा दिसू देतो. पण तो नुसता रंगच. वरून पाण्याच्या पीयूचे (पॉलियुरेथेनचे) दोन-तीन हात दिले नाहीत तर ओल्या फडक्यानं उतरतो. हे पीयू डब्यात दुधासारखं दिसतं, वाळल्यावर काचेसारखं स्वच्छ होतं.

पाणी लागलं की लाकडाची कुसं उभी राहतात आणि गुळगुळीत फळी खरखरीत लागते. उपाय सोपा आहे. १२० आणि मग १८० नंबरच्या पेपरनं घासून झालं की ओलं फडकं फिरवा, वाळू द्या, उभी राहिलेली कुसं २२०नं अलगद कापा. आता स्टेन लावा. फळीची कापलेली टोकं जास्त पितात आणि काळपट होतात, म्हणून ती आणखी बारीक पेपरनं घासून ठेवायची. स्टेन एका वेळी एकाच फळीवर, रेषेच्या दिशेनं लावायचा आणि ओला असतानाच जादाचा पुसायचा. मध्येच फोन घ्यायला उठलात तर तिथं पट्टा उमटलाच म्हणून समजा.

बाभळीचं मात्र वेगळं आहे. आपल्याकडं कुळव-तिफणीला हेच लाकूड, चिवट, वजनदार. तिच्या सालीनं कातडी कमावतात ती सालीतल्या टॅनिनमुळं. लाकडातही ते असतं. टॅनिनला लोखंड आणि पाणी भेटलं की काळे डाग पडतात. म्हणून लोखंडी घासणी वापरायचीच नाही. तिचे तुटके तंतू लाकडात राहतात आणि पहिल्या हातानंतर ठिपके उठतात. भांड्यांची हिरवी घासणी चालते. स्टेन पातळ करायला बोअरचं पाणी टाळा, त्यात लोह असू शकतं. फिल्टरचं घ्या. बाभळीवर पांढरा पाण्याचा पेंट दिला तर टॅनिन पिवळट होऊन वर येतं. त्याला आडवा येतो तो जुना चपडाच! मेण काढलेल्या चपड्याचा एक हात अस्तर म्हणून द्यायचा, मग पेंट. सागवान तेलकट असतं, त्यामुळं पीयूच्या आधी स्पिरिटचं फडकं फिरवलं की थर नीट धरतो.

सागवानावर पांढरा पेंट फासणाऱ्यांशी माझं जमत नाही. प्लायवूडला, आंब्याच्या फळीला खुशाल रंगवा.

दौंड-शिरूर हा कोरडा पट्टा; वैशाखातल्या दुपारी रंग ब्रशवरच वाळतो, फटकारे तसेच राहतात, वाऱ्याबरोबर धूळ येऊन बसते ती वेगळीच. तेव्हा काम सकाळी आणि सावलीत. पौषात उलट. दहा अंशांखाली अ‍ॅक्रिलिकचे कण नीट जुळत नाहीत, म्हणून ऊन वर आल्यावर डबा उघडायचा. दिवाळीनंतरचे दिवस मला सगळ्यांत सोयीचे वाटतात. ऑइलपेंट लावला तर दोन खोल्यांच्या घरात तारपिनाचा वास आठवडाभर कोंडून राहतो. तो त्रास पाण्याच्या रंगात नाही, आणि ब्रश नळाखाली धुता येतो.

एक लक्षात ठेवा. पीयू दोन तासांत हाताला कोरडं लागतं, पण पक्कं व्हायला तीन-चार आठवडे घेतं. तोवर टेबलावर गरम पातेलं ठेवू नका आणि प्लास्टिकचं कापड तर मुळीच अंथरू नका.