गोळी कोणती तोडावी, कोणती कुटू नये

जंतनाशक दिनाला चाळीसगाव तालुक्यातल्या अंगणवाडीत डोकावलं, तर औषधशास्त्रातली एक जुनी क्रिया डोळ्यांसमोर चाललेली दिसते. अंगणवाडीताई अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी घेतात, तिचे दोन तुकडे करतात, एक तुकडा चमच्यात ठेवून दुसऱ्या चमच्याने दाबतात आणि झालेला चुरा पाण्यात कालवून दीड वर्षाच्या पोराला भरवतात. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, त्यापुढे पूर्ण, आणि लहानग्यांना ती कुटूनच द्यायची, असं सरकारी सूचनाच सांगतात. कोरडी गोळी घशात अडकून मूल गुदमरू नये म्हणून ही काळजी. २०१५ पासून देशात चालू असलेल्या या मोहिमेचं गोळी कुटायचं साधन म्हणजे हे दोन चमचे.

या औषधापुरते ते पुरेसेही आहेत. अल्बेंडाझोल रक्तात फारसं शोषलं जात नाही, जंतांवरचं त्याचं काम आतड्यातच चालतं. एका मुलाला १८० मिलिग्रॅम गेलं आणि दुसऱ्याला २२०, तरी काही बिघडत नाही. पण सगळी औषधं इतकी उदार नसतात.

‘आर्धी गोयी लेवानी का पुरी?’ हा प्रश्न खान्देशातल्या कुठल्याही घरात सकाळ-संध्याकाळ ऐकू येतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘१/२ - ० - १/२’ असं असतं आणि मेडिकलवाला पूर्ण गोळ्यांची पट्टी हातात देतो. पुढचं काम घराचं. ते काम विळी करते, भाजीची सुरी करते, कुठे आजोबांचा अडकित्ता करतो. नाहीतर दात आहेतच. कुटायला लाटणं, पाटा-वरवंटा किंवा लसणाचा वास न गेलेला खलबत्ता.

गोळी म्हणजे दाबलेली भुकटी. विल्यम ब्रॉकेडन नावाच्या इंग्रज चित्रकाराने १८४३ साली साच्यात भुकटी दाबून गोळ्या आणि पेन्सिलीचं शिसं घडवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तिथून या तंत्राची सुरुवात झाली. आजच्या यंत्रात एका गोळीवर एक-दोन टन वजनाइतका जोर पडतो. इतकी दाबलेली वस्तू कडक होते आणि ठिसूळही. तिच्यावर ताण आला की तडा जिथे सर्वांत सोपी वाट मिळेल तिथून जातो. गोळीवरची खाच ही ती वाट. खाच खोल असेल तर दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर गोळी बरोबर मधून दुभंगते. खाच नसेल तर तडा वाकडातिकडा जातो आणि कडेचा चुरा टेबलावर राहतो. तोही औषधच असतो.

बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली हे मोजून पाहिलं. पाच जणांना आठ प्रकारच्या गोळ्या तोडायला दिल्या: हाताने किंवा कात्रीने, स्वयंपाकघरातल्या सुरीने आणि गोळी कापायच्या खास डबीने. सगळे तुकडे मिळून ३१ टक्के तुकड्यांचं वजन अपेक्षेपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक चुकलं आणि १४ टक्के तुकडे तर पाव हिश्शाहून जास्त चुकले. डबीने कापलेल्यांत हेच आकडे १३ आणि ५ टक्के. म्हणजे डबी सुरीपेक्षा नक्कीच चांगली, पण अचूक नव्हे.

ही डबी आता आपल्याकडेही मोठ्या मेडिकलवर किंवा ऑनलाइन मिळते. आत इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खोबण, झाकणाला पोलादी पातं. गोळी खोबणीत रुतून बसते, घसरत नाही, आणि झाकण एका झटक्यात बंद केलं की पातं तिच्यावर सरळ उतरतं. भीतभीत हळूहळू दाबलं तर गोळी कापली न जाता चिरडते. पातं बोथट झाल्यावरही तसंच होतं. तेव्हा डबी फेकून द्यावी. पातं घासून धार लावायच्या फंदात पडू नये.

कायद्याच्या पुस्तकांतही अर्ध्या गोळीला सूट आहे. भारतीय औषधकोशात २५० मिलिग्रॅम किंवा अधिक वजनाच्या अखंड गोळीला सरासरीपासून ५ टक्के फरक चालतो, ८० मिलिग्रॅम वा त्याहून हलक्या गोळीला १० टक्के. युरोपच्या औषधकोशात खाचेच्या गोळीची वेगळी परीक्षा आहे: तीस गोळ्या हाताने तोडायच्या, प्रत्येकीचा एक तुकडा तोलायचा. सरासरीच्या ८५ ते ११५ टक्क्यांबाहेर एकाहून जास्त तुकडे गेले, किंवा एकही तुकडा ७५ ते १२५ टक्क्यांबाहेर गेला, की गोळी नापास. हिशेबाची गोष्ट निघालीच आहे, तर चाळीसगावपासून जवळच्या पाटणला इ.स. १२०७चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाची नोंद त्यात आहे, आणि तो उजेडात आणणारे भाऊ दाजी लाड हे स्वतः डॉक्टर होते. अपूर्णांकांची इतकी जुनी परंपरा असलेल्या तालुक्यात अर्ध्या गोळीचा हिशेब विळीवर सोडावा, हे काही शोभत नाही.

हिशेबाची एक गंमत मात्र रुग्णाच्या बाजूची आहे. गोळीचे दोन तुकडे ४५ आणि ५५ टक्के झाले, तरी दोन्ही मिळून गोळी पूर्णच असते. म्हणून आज तोडलेल्या गोळीचा दुसरा तुकडा लगेच पुढच्या वेळेला घ्यावा. थायरॉइडच्या गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे आजची कसर उद्या आपोआप भरून निघते. काही तासांत ओसरणाऱ्या औषधाला ही सवलत नाही. आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या, कमी पडलं तर गुठळी आणि जास्त झालं तर रक्तस्राव अशा औषधाच्या बाबतीत तुकडे करण्यापेक्षा हव्या त्या ताकदीची गोळी शोधणं बरं. ती १, २, ३ आणि ५ मिलिग्रॅममध्ये येते.

महिन्याच्या सगळ्या गोळ्या रविवारी बसून एकदम कापून ठेवण्याची टापटीप घरोघरी दिसते. ती मोडा. पाकिटावर ‘३० अंशांखाली ठेवा’ असं छापलेलं असतं आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर असतो. पट्टीबाहेर काढलेला, आतला भाग उघडा पडलेला तुकडा उन्हाळ्यात तापतो, पावसाळ्यात ओल धरतो.

कुटायचा प्रश्न याहून अवघड आहे. लकव्याच्या रुग्णाला गिळता येत नाही, नाकातून पोटात नळी घातलेली असते, जिला दवाखान्यात सगळे रायल्स ट्यूब म्हणतात. घरी सोडताना नातेवाइकांना ‘गोळ्या कुटून द्या’ एवढंच सांगितलं जातं. आपल्याला घासून-उगाळून औषध देण्याची सवय जुनी आहे. बाळगुटीत सहाणेवर हळकुंड किती, वेखंड किती, हे वळशांत मोजायचे: वय वाढलं की वळसे वाढायचे. पण हळकुंड कुठूनही उगाळलं तरी हळकुंडच असतं. आजच्या अनेक गोळ्या तशा नाहीत.

एक सेंटिमीटरच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असतं. त्याचे एकेक मिलिमीटरचे घन केले तर तेच ६० होतं, आणखी दहापट बारीक केलं तर ६००. पृष्ठभाग जितका मोठा तितकं विरघळणं जलद, असा नियम आहे. साध्या पॅरासिटामॉलच्या बाबतीत हे चालतं. पण नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, एक्सएल अशी अक्षरं असलेली गोळी बारा-चोवीस तास हळूहळू झिरपावी म्हणूनच घडवलेली असते. ती कुटली की दिवसभराचं औषध थोड्याच वेळात रक्तात उतरतं. लेबेटालॉल आणि कुटलेली दीर्घकाळ चालणारी निफेडिपिन दिल्यानंतर अमेरिकेत एका रुग्णाचा मृत्यू झाल्याची नोंद २००३च्या वैद्यकीय साहित्यात आहे. साखरेसाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एसआरची जोडगोळीही याच जातीची.

पँटोप्राझोलची कथा उलटी. आम्लात ते नष्ट होतं, म्हणून गोळीवर जठरात न विरघळणारा थर असतो. कुटलं की थर गेला आणि औषध पोटातच वाया गेलं. मेटोप्रोलॉल एक्सएलच्या काही गोळ्यांत शेकडो बारीक कण प्रत्येकी आपापल्या आवरणात असतात. त्या खाचेवर तोडता येतात, पण कुटता किंवा चावता येत नाहीत. मेथोट्रेक्सेटचा चुरा तर घरात उडवूच नये, विशेषतः गरोदर बाईच्या आसपास.

ज्या गोळ्या कुटायला हरकत नाही त्यांच्यासाठी आट्यांची डबी चांगली. तिचं बळ स्क्रूचं आहे. टोपणाची त्रिज्या दोन सेंटिमीटर आणि आट्यांमधलं अंतर तीन मिलिमीटर धरलं, तर हाताचा जोर कागदावर चाळीस पट होतो. घर्षणात त्यातला मोठा भाग जातो, तरी म्हाताऱ्या मनगटालाही गोळी पिठासारखी करता येते. तोटा एकच, डबीच्या कडांना भुकटी चिकटते. २०१८ साली क्वीन्सलँड विद्यापीठात अशी २४ साधनं तपासली, त्यात धुवून घेतल्यावर वाया जाणारं औषध कमी होतं असं दिसलं. म्हणून डबीत थोडं पाणी घालून हलवा आणि तेही रुग्णाला द्या. नळी असेल तर प्रत्येक गोळी वेगळी कुटा, वेगळी द्या, आधी आणि नंतर साध्या पाण्याने नळी धुवा. सगळ्या गोळ्यांचा एकत्र काला केला की नळी तुंबते, शिवाय कोणतं औषध किती गेलं ते कळत नाही.

खरा उपाय कुटण्याच्या अलीकडे आहे. क्षयरोग झालेल्या मुलांना वर्षानुवर्षं मोठ्यांच्या गोळ्या तोडून दिल्या जात. डिसेंबर २०१५ मध्ये मुलांच्या मापाच्या, पाण्यात विरघळणाऱ्या एकत्रित गोळ्या जगापुढे आल्या, आणि आज आपल्या क्षयरोग कार्यक्रमात ४ ते ७ किलोच्या बाळाला एक, ८ ते ११ किलोला दोन अशा वजनावर त्या मिळतात. जुलाबात आशाताई देतात ती जस्ताची गोळीही विरघळणारी. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, आईच्या दुधात. म्हाताऱ्यांसाठी इतका विचार अजून झालेला नाही, आणि लकव्यानंतरची माणसं तर त्यांच्यातच जास्त आहेत.

फार्मसी कौन्सिलच्या २०१५च्या नियमांनुसार रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम आहे. तेव्हा पट्टी खिशात टाकण्याआधी काउंटरवर तीन प्रश्न विचारा: ही तोडली तर चालेल का, कुटली तर चालेल का, आणि याचं पातळ किंवा विरघळणारं औषध येतं का? तिन्हींना नाही म्हटलं, तर चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे परत जा आणि दुसरं औषध लिहून मागा.