पश्चात्तापासाठी एक रात्र
(देहदंड आणि ख्रिस्ती विवेक : लेखांक 4)

सोळाव्या शतकातल्या रोममध्ये एखाद्याला देहदंड ठरला की शेवटच्या रात्री त्याच्या कोठडीत काळे झगे घातलेली माणसे येत. ती न्यायालयाची नसत, तुरुंगाचीही नसत. रोममध्ये राहणाऱ्या फ्लोरेन्सच्या लोकांनी 1488 मध्ये एक बंधुसंघ स्थापन केला होता, त्याचे ते सभासद. शिरच्छेद झालेला बाप्तिस्मा करणारा योहान हा या संघाचा आश्रयदाता संत. मायकेलअँजेलोही या संघात होता. ही मंडळी रात्रभर कैद्याजवळ बसत, प्रार्थना करत, पापनिवेदनासाठी त्याचे मन वळवत, घरच्यांसाठी निरोप असेल तर लिहून घेत. सकाळी त्याला वधस्थानाकडे नेताना त्यांच्यातला एक जण मूठ असलेली छोटी लाकडी फळी त्याच्या चेहऱ्यासमोर धरून चाले. फळीच्या एका बाजूला क्रुसावरचा येशू, दुसऱ्या बाजूला एखाद्या संताचे हौतात्म्य रंगवलेले असे. कैद्याला गर्दी दिसू नये, वधस्तंभ दिसू नये, डोळ्यांपुढे फक्त ख्रिस्त असावा, ही त्यामागची इच्छा. मागाहून त्याचे दफनही हीच मंडळी करत. वर्षातून एका कैद्याला मरणातून सोडवून घेण्याचा अधिकारही पोपने या संघाला दिला होता.

या लोकांच्या करुणेबद्दल मला शंका नाही. पण ज्याच्या आत्म्यासाठी रात्रभर जागायचे, त्याला सकाळी मारू द्यायचे, हे त्यांना कसे जमले असेल? ख्रिस्ती विचारातली गाठ नेमकी इथे आहे.

मागच्या लेखांकात आपण रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पाहिला. राज्यकर्ता उगाच तलवार धारण करत नाही, असे पौल तिथे सांगतो. या आधारावर तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने युक्तिवाद उभा केला की सडलेला अवयव शरीर वाचवण्यासाठी कापावा, तसा समाजाला घातक असलेला गुन्हेगारही दूर करणे रास्त आहे. मरण समोर दिसत असूनही जो पश्चात्ताप करत नाही, तो पुढेही करेल असे मानायला फारसे कारण नाही, हेही त्याचेच म्हणणे. एक रात्र पुरेशी मानण्याला असा तात्त्विक आधार मिळाला.

चर्चची स्वतःची न्यायालये मात्र रक्त सांडत नसत. पाखंडी ठरलेल्या माणसाला ती मुलकी सत्तेच्या हवाली करत आणि जाळण्याचे काम ती सत्ता करी. 1560 मध्ये गोव्यात सुरू झालेल्या इन्क्विझिशननेही हाच रिवाज पाळला. हवाली केल्यावर काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असे. आपले हात कोरडे ठेवण्याची ही सोय मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत लाजिरवाणी पळवाट वाटते. तलवार धरणाऱ्याने निदान ती धरल्याचे मान्य तरी केलेले असते.

पोपच्या राज्यात तर ही पळवाटही नव्हती, कारण राजा आणि धर्मगुरू एकच. तिथला जल्लाद जोव्हान्नी बात्तिस्ता बुगात्ती याने 1796 पासून 1864 पर्यंत 516 जणांना देहदंड दिला. प्रत्येक वेळी कामावर निघण्याआधी तो पापनिवेदन करून ख्रिस्तप्रसाद घेत असे, अशी त्याची ख्याती आहे. व्हॅटिकन नगरराज्याच्या कायद्यातही पोपच्या हत्येच्या प्रयत्नाला देहदंड होता. तो 1969 मध्ये पोप सहावे पॉल यांच्या काळात गेला.

पण दुसरा सूरही तितकाच जुना आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेत कॅथॉलिक चर्चपासून फुटलेल्या दोनातुसपंथीयांनी रेस्तितुतुस नावाच्या कॅथॉलिक धर्मगुरूचा खून केला. इन्नोकेन्तियुस नावाच्या दुसऱ्या धर्मगुरूचा डोळा काढला, बोट तोडले. गुन्हेगारांनी कबुली दिली. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने सम्राटाचा अधिकारी मार्केल्लिनुस याला पत्र लिहिले. न्याय करण्याचा त्याचा अधिकार ऑगस्टीनने नाकारला नाही, गुन्हाही सौम्य केला नाही. त्याची विनंती एवढीच होती, की यांना मारू नका, यांचे अवयवही तोडू नका, धडधाकट हातापायांनी यांना काही उपयोगी काम करू द्या. आपल्या लोकांनी सोसलेल्या यातनांची परतफेड तशाच यातनांनी व्हावी हे त्याला नको होते. पुढे 413 मध्ये राजकीय आरोपावरून खुद्द मार्केल्लिनुसलाच कार्थेजमध्ये देहदंड झाला. त्याला वाचवण्याची ऑगस्टीनची धडपड व्यर्थ गेली.

अक्वायनस ज्याला हट्टी म्हणून सोडून देतो, त्याच्यासाठी ऑगस्टीन वेळ मागतो. ऑगस्टीन मला अधिक ख्रिस्ती वाटतो. पश्चात्ताप हा घाबरलेल्या माणसाने पहाटेपर्यंत उरकायचा विधी नव्हे. केलेल्या कृत्याकडे पाहण्याची ताकद यायला कुणाला वीस वर्षेही लागतील. येशूशेजारच्या क्रुसावरच्या चोराला शेवटच्या घटकेला क्षमा मिळाली, हा दाखला देहदंडाचे समर्थक हमखास देतात. पण ती क्षमा येशूची होती. तिचे श्रेय क्रूस उभारणाऱ्या पिलाताच्या खाती जमा करता येणार नाही.

ऑगस्टीनच्या बाजूकडे यायला चर्चला फार काळ लागला. 1995 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी देहदंडाची खरी गरज पडावी असे प्रसंग आता जवळजवळ उरले नाहीत, अशी भूमिका मांडली. 1999 च्या जानेवारीत ते अमेरिकेतल्या सेंट लुईसला गेले असता त्यांच्या विनंतीवरून मिसूरीच्या गव्हर्नरांनी एका कैद्याची शिक्षा जन्मठेपेवर आणली. 2018 च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथातला परिच्छेद 2267 बदलून देहदंड अस्वीकारार्ह ठरवला. तिथे दिलेल्या कारणांत माणसाची प्रतिष्ठा आहेच. आजचे तुरुंग लोकांना सुरक्षित ठेवू शकतात आणि गुन्हेगाराची सुधारण्याची वाटही कायमची बंद करत नाहीत, हेही त्यात आहे.

सगळे ख्रिस्ती अर्थातच इथवर आलेले नाहीत. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने 2000 मध्ये ठराव करून न्याय्य रीतीने दिलेल्या देहदंडाला पाठिंबा दिला. त्यांचाही आधार बायबलच आहे. उत्पत्तीचा नववा अध्याय, म्हणजे माणसाचे रक्त सांडणाऱ्याचे रक्त माणसाकडून सांडले जाईल असे सांगणारा, नोहाशी झालेला करार, मोशेच्या नियमशास्त्राच्या आधीचा आणि म्हणून सर्व माणसांना लागू, असे ते म्हणतात. हा युक्तिवाद झटकून टाकण्याजोगा नाही. पण त्याच उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात हाबेलाचा खून केलेल्या काइनाला कुणी मारू नये म्हणून देव स्वतः त्याच्यावर खूण करतो. हे दोन अध्याय एकत्र कसे वाचायचे, ते पुढच्या आठवड्यात पाहू.