सेल्फ फिरतो, गाडी उचलत नाही

गाडी चालू होत नाही, ही तक्रार दोन तऱ्हेची असते. किल्ली फिरवल्यावर नुसतं 'टक्' झालं, तर दुखणं बॅटरीचं किंवा सेल्फचं. पण सेल्फ जोरात फिरतोय आणि इंजिन काही पेट घेत नाही, हे दुखणं वेगळं. आज बोलायचं आहे ते या दुसऱ्याबद्दल, तेही डिझेल गाडीच्या.

हा कवीचा विषय नव्हे, असं कुणी म्हणेल. पण डहाणू-तलासरीकडे राहणाऱ्याला तो टाळता येत नाही. घोलवड-बोर्डीच्या वाडीतून निघालेला चिकूचा पिकअप, उधव्याहून मजूर घेऊन येणारी जीप, डहाणूच्या खाडीतली मासेमारीची बोट, सगळ्यांच्या पोटात डिझेलच. झाडावरून उतरवलेला चिकू कुणासाठी थांबत नाही. आणि रात्री कळा सुरू झालेल्या बाईला कासा किंवा डहाणूच्या रुग्णालयात न्यायला पाड्यावर दुसरी गाडी असतेच असं नाही.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. डिझेलच्या इंजिनात ती नसते. रुडॉल्फ डिझेलने 1897 साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये जे इंजिन चालवून दाखवलं, त्याचं मर्म एवढंच, की हवा जोरात दाबली की ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचा तळ हाताला गरम लागतो, तेच हे. इंजिनात हवा पंधरा-वीस पट दाबली जाते आणि पाचशे अंशांच्याही पुढे तापते. डिझेलला पेटायला याच्या निम्मीही ऊब पुरते. म्हणजे तीन गोष्टी हव्यात. इंजिन पुरेशा वेगाने फिरायला हवं, हवा पुरेशी दाबली जायला हवी आणि नेमक्या क्षणी डिझेल आत पडायला हवं. गाडी उचलत नाही, तेव्हा या तिघांपैकी कोण गैरहजर आहे, एवढाच प्रश्न असतो.

तो धुराला विचारावा. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून सायलेन्सरकडे बघायचं. काहीच धूर नाही, तर डिझेल आत पोचतच नाही. पांढरा धूर येतोय, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग सेल्फ मंद फिरतोय का, हीटर प्लग जळाले आहेत का, की इंजिनच झिजून दाब धरत नाही, हे पाहायचं. आपल्याकडची थंडी काही काश्मीरची नव्हे, त्यामुळे बहुतेक वेळा धूर नसतोच, आणि भानगड टाकी ते पंप या वाटेवर सापडते.

या वाटेवरचा सर्वांत मोठा चोर म्हणजे हवा. मिस्त्री म्हणतात, 'गाडीने एअर धरली.' टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते, आणि नंतर डिझेल टाकलं तरी पंप ती हवाच दाबत बसतो. हवा दबते, डिझेल दबत नाही, म्हणून नोझल उघडण्याइतका जोर तयारच होत नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये गुजरातने डिझेलवरचा कर उतरवला आणि महाराष्ट्राने लगेच उतरवला नाही. त्या महिन्यांत आच्छाडचा नाका ओलांडून भिलाडला टाकी भरू, म्हणून काटा तळाला टेकेपर्यंत गाडी ओढण्याचा मोह कुणालाही झाला असता. लिटरमागे वाचलेले रुपये अशा वेळी महामार्गाच्या कडेला हवा काढण्यात जातात.

हवा काढणं जुन्या पंपाच्या गाडीत अवघड नाही. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू थोडा सैल करायचा आणि हातपंप दाबत राहायचं. आधी फसफस बुडबुडे येतात, मग नितळ धार. धार लागली की स्क्रू आवळायचा. बोटीवरच्या खलाशाला हे यायलाच हवं, कारण समुद्रात मिस्त्री कुठून आणणार?

पण गाडी चालू झाली आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच, तर हवा कुठून तरी रोज शिरते आहे. इथे एक गंमत आहे. टाकीकडून येणाऱ्या नळीत ओढ असते, त्यामुळे तिथे चीर पडली तरी चालू गाडीत डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. ओला डाग दिसत नाही. मग संशय पंपावर जातो, पंप उतरतो, हजारोंचं बिल होतं, आणि दोष असतो तडकलेल्या रबरी नळीचा किंवा चपट्या झालेल्या वॉशरचा. शहाणा मिस्त्री फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडतो आणि बुडबुडे डोळ्यांनी बघतो. पंपाला हात लावण्याआधी ही नळी जोडलीत का, हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे असं मला वाटतं.

पावसाळ्यात पाणी. फिल्टरच्या तळाचं थोडं डिझेल काचेच्या ग्लासात काढून ठेवा. पाणी जड, ते खाली बसतं आणि वेगळं दिसतं. आणखी एक साधी गोष्ट. जुन्या गाड्यांत इंजिन बंद करणारी दोरी किंवा पंपावरचा विजेचा खटका अडकून बसतो. किल्ली फिरवल्यावर खटक्याचा बारीक आवाज आला नाही, तर आधी त्याची तार बघा.

आता इशारा. जुन्या गाडीत नोझलच्या नळीचं नट सैल करून डिझेल उडतंय का, हे बघायची रीत आहे. 1997 पासून युरोपातल्या मोटारींत आणि पुढे आपल्याकडेही कॉमन रेल आली. या गाडीत ही रीत मुळीच चालवू नये. त्या नळीत हवेच्या दाबाच्या हजार पटींहूनही जास्त दाब असू शकतो. सुईएवढी धार कातडी फोडून आत जाते, बाहेर फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि काही तासांत बोट गमावायची वेळ येते. असं झालं तर मलम न लावता तडक मोठं रुग्णालय गाठावं. हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरण्याचा नाक्यावरचा उपायही तसाच. हीटर प्लग तापलेले असले तर भडका उडतो.

कॉमन रेलच्या गाडीत सेल्फ फिरत असताना आरपीएमचा काटा जागचा हलला नाही, तर इंजिनाची गती मोजणारा सेन्सर संशयित. किल्ली-कुलपाचा दिवा लुकलुकत राहिला, तर गाडीने किल्लीच ओळखलेली नाही. दोन्ही ठीक असतील तर रेलमध्ये दाब साठतोय का, हे स्कॅनर सांगतो. तिथे अंदाजाने पाने चालवून उपयोग नाही.

सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये अर्धा मिनिट विसावा द्यावा. नाहीतर बॅटरी उतरते आणि एकाची दोन दुखणी होतात. मिस्त्रीला फोन करताना 'गाडी बंद पडली' एवढंच सांगू नका. सेल्फ कसा फिरतोय, धूर आहे की नाही, असला तर कुठल्या रंगाचा, डिझेल शेवटचं कधी आणि कुठे भरलं, हे सांगा. चारोटीहून निघताना सोबत काय घ्यायचं, हे त्याला त्यावरूनच कळतं.