फायरस्टोन वॉकर ॲनिव्हर्सरी एल

फायरस्टोन वॉकर ॲनिव्हर्सरी एल ही अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील पासो रोब्लेस येथील फायरस्टोन वॉकर या ब्रुअरीच्या वर्धापनानिमित्त तयार केली जाणारी मिश्र बिअर आहे. लाकडी पिंपांत मुरवलेल्या अनेक तीव्र बिअर ठरावीक प्रमाणात एकत्र करून ती बनवली जाते. ब्रुअरीच्या दहाव्या वर्धापनाच्या वेळी, २००६ मध्ये, तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. या मिश्रणाचे प्रमाण परिसरातील वाइननिर्माते चव घेऊन ठरवतात, हे या बिअरचे वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी

फायरस्टोन वॉकरची स्थापना ॲडम फायरस्टोन आणि त्यांचे मेहुणे डेव्हिड वॉकर यांनी १९९६ मध्ये केली. फायरस्टोन कुटुंबाचा सांता बार्बरा परगण्यात द्राक्षमळा आणि वाइननिर्मितीचा व्यवसाय होता. आरंभी या दोघांनी शार्डोने वाइनच्या वापरलेल्या पिंपांत बिअर आंबवून पाहिली. परंतु हा प्रयोग फसला. त्यानंतर इंग्लंडमधील बर्टन येथील जुन्या पद्धतीवरून प्रेरणा घेऊन त्यांनी ओक लाकडाच्या पिंपांच्या रांगेत बिअर आंबवण्याची स्वतःची पद्धत बसवली. तिला ‘फायरस्टोन युनियन’ असे म्हणतात. ‘डबल बॅरल एल’ ही ब्रुअरीची सुरुवातीची प्रमुख बिअर या पद्धतीने तयार होऊ लागली.

२००१ मध्ये ब्रुअरीने पासो रोब्लेस येथील एक बंद पडलेला कारखाना घेऊन उत्पादन तेथे हलवले. तेथील ब्रूमास्टर मॅट ब्रिनिल्डसन यांनी यापूर्वी शिकागोच्या गूस आयलंड ब्रुअरीत काम केले होते. बर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत स्टाउट मुरवण्याच्या प्रथेचा प्रसार करण्यात गूस आयलंडचा वाटा मोठा मानला जातो.

पिंपात मुरवण्याची प्रक्रिया

अमेरिकी कायद्यानुसार बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपातच मुरवावी लागते. त्यामुळे एकदा वापरलेले पिंप बर्बनसाठी पुन्हा उपयोगी पडत नाही व अशी पिंपे बिअरनिर्मात्यांना उपलब्ध होतात. एका पिंपात साधारण २०० लिटर द्रव मावतो. बिअर त्यात अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ ठेवली जाते.

या काळात तीन गोष्टी घडतात. लाकडातून व्हॅनिला, नारळ व भाजलेल्या साखरेची आठवण करून देणारे गंध आणि तुरटपणा देणारे टॅनिन बिअरमध्ये उतरतात. लाकडात जिरलेली व्हिस्कीही हळूहळू बिअरमध्ये मिसळते. तसेच फळ्यांमधून अल्प प्रमाणात प्राणवायू आत शिरतो आणि त्यामुळे सुकामेवा, मनुका किंवा शेरी वाइनसारखी चव निर्माण होते. प्राणवायू जास्त झाला तर मात्र बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. दरम्यान काही द्रवाचे बाष्पीभवन होऊन घट येते.

एकाच दिवशी, एकाच टाकीतून भरलेली दोन पिंपेही सारखी उतरत नाहीत. लाकडाची घनता, जाळण्याची खोली, पिंपाचे वय आणि गोदामातील जागा यांनुसार फरक पडतो. म्हणून प्रत्येक पिंपाची चव घेणे आणि योग्य पिंपांचे मिश्रण करणे हा या प्रक्रियेचा अनिवार्य भाग ठरतो.

घटक बिअर

मिश्रणात वापरल्या जाणाऱ्या बिअर दरवर्षी काही अंशी बदलतात. त्यांत पुढील बिअरचा समावेश झालेला आहे:

पॅराबोला – बर्बनच्या पिंपांत मुरवलेली रशियन इंपीरियल स्टाउट. काळा रंग, दाटपणा आणि भाजलेल्या धान्याचा कडवटपणा ही तिची वैशिष्ट्ये.
सुकाबा – बार्ली वाइन प्रकारची बिअर. हिचे आधीचे नाव ‘ॲबॅकस’ होते. व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे तीच अक्षरे उलटी वाचून नवे नाव देण्यात आले.
स्टिकी मंकी – बेल्जियन क्वाड्रुपल शैलीवर आधारित बिअर.
ब्राव्हो – तीव्र तपकिरी एल.
हेल्डोराडो – फिकट रंगाची बार्ली वाइन.
व्हेल्व्हेट मर्किन – ओटचा वापर केलेली स्टाउट.

स्टाउटमुळे मिश्रणाला वजन येते, तर बार्ली वाइनमुळे कॅरॅमल व सुक्या फळांची गोडी मिळते. स्टाउटचे प्रमाण वाढले की इतर घटकांच्या सूक्ष्म चवी झाकल्या जातात. मिश्रण करणाऱ्यांपुढील मुख्य अडचण हीच असते.

मिश्रणाची बैठक

पासो रोब्लेस हा वाइनसाठी प्रसिद्ध असलेला प्रदेश आहे. निरनिराळ्या पिंपांतील वाइनचे मिश्रण करणे हे तेथील वाइननिर्मात्यांचे नेहमीचे काम असल्याने ब्रिनिल्डसन यांनी त्यांना या कामासाठी निमंत्रित केले. बैठकीत वाइननिर्मात्यांचे गट पाडले जातात. प्रत्येक गटाला घटक बिअरचे नमुने आणि मापनपात्रे दिली जातात. गट आपापली मिश्रणे तयार करतात. त्यानंतर कोणते मिश्रण कोणाचे हे उघड न करता सर्वांची चव घेऊन मतदान होते. पसंतीस उतरलेले मिश्रण त्या वर्षीची ॲनिव्हर्सरी एल ठरते.

पिंपातून काढलेल्या बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड फारच कमी असतो. तो मिश्रण पक्के झाल्यावर मिसळला जातो. वायूमुळे कडवटपणा व तुरटपणा अधिक जाणवतो आणि गोडी कमी भासते. त्यामुळे नमुन्याची चव घेताना तयार बिअर कशी लागेल याचा अंदाज बांधावा लागतो.

रसास्वाद

ॲनिव्हर्सरी एलमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारणतः १० ते १३ टक्के असते. अशी बिअर बर्फासारखी थंड न देता १० ते १३ अंश सेल्सियस तापमानाला, तोंडाशी निमुळत्या पेल्यात थोडी थोडी दिली जाते. अतिथंड बिअरमध्ये गंध दबून राहतात. एकाहून अधिक बिअर चाखायच्या असल्यास फिकट व सौम्य बिअरपासून सुरुवात करून गडद व तीव्र बिअरकडे जाण्याचा प्रघात आहे.

मद्यार्काच्या दृष्टीने १२ टक्क्यांच्या १०० मिलिलिटर बिअरचे प्रमाण ५ टक्क्यांच्या २४० मिलिलिटर बिअरइतके भरते. प्रत्येकी ६० मिलिलिटरचे दहा नमुने प्यायल्यास सामान्य बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या दोन बाटल्यांहून अधिक मद्यार्क शरीरात जातो. गोडी व दाटपणामुळे ही तीव्रता जिभेला लगेच कळत नाही. म्हणून अशा प्रसंगी लहान नमुने, मध्ये पाणी आणि परतीसाठी वाहनचालकाची सोय आवश्यक मानली जाते.

जोखीम

लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत रानटी यीस्ट व जिवाणू टिकून राहू शकतात. त्यांचा प्रादुर्भाव झाल्यास बिअर आंबट होते आणि असे एक पिंप मिश्रणात गेले तर संपूर्ण मिश्रण बिघडू शकते. गूस आयलंडच्या २०१५ च्या बर्बन काउंटी मालिकेतील काही बिअरमध्ये लॅक्टोबॅसिलस जिवाणू आढळल्याने कंपनीला ग्राहकांचे पैसे परत करावे लागले. त्यानंतर तिने या बिअरचे पाश्चरीकरण सुरू केले. याउलट, मुद्दाम आंबट केलेल्या बिअरसाठी फायरस्टोन वॉकरने २०१३ मध्ये ब्युएल्टन येथे ‘बॅरलवर्क्स’ हे स्वतंत्र केंद्र सुरू केले.

आवृत्त्या

प्रत्येक आवृत्तीला ब्रुअरीच्या वयाचा अंक हेच नाव असते. पहिली आवृत्ती ‘१०’ या नावाने आली. पुढे रोमन अंक वापरले जाऊ लागले. बाटली खोक्यात बंद करून विकली जाते आणि त्या वर्षीच्या घटक बिअरचे प्रमाण ग्राहकांसाठी जाहीर केले जाते. हे प्रमाण माहीत असूनही जुनी आवृत्ती पुन्हा तयार करता येत नाही, कारण ज्या पिंपांतून ती घडली ती पिंपे तेव्हाच रिकामी झालेली असतात.